तीन मेणबत्त्या, एक गिलास

अल्लीपूर,
१४ डिसेंबर २०२४

प्रिय रीताताई,

तुझे फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. फोनवर मला नीट सांगता येत नाही. मधेच दुकानात कोणी येतं, मधेच माझा आवाज बसतो, आणि मग रात्रभर वाटत राहतं की मी अर्धं सांगितलं म्हणजे खोटंच सांगितलं. म्हणून लिहिते आहे. तूही लिहूनच उत्तर दे.

तुझ्या मामांना, म्हणजे माझ्या बाबांना, काय झालंय, असं तू आईला विचारलंस. ताप नाही, साखर वाढलेली नाही. त्यांच्यावर लोक हसले, एवढंच झालंय.

योगेंद्र नावाचा एक माणूस बाबांकडे होता. तू लग्न होऊन बोरगाव मेघेला गेलीस त्यानंतर आला, म्हणून तुमची भेट झाली नसेल. बाबांच्या विज्ञानाच्या तंबूचा टेम्पो तो चालवायचा. कुठल्याही गावचा बाजार असो, कोपऱ्यात तंबू ठोकायचा, पाण्याचं घंगाळ मांडायचं, आत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर एक सरकी ठेवायची, हे सगळं त्यानं वर्षानुवर्षं केलं. तुला आठवतंच, प्रयोगाच्या आधी प्रत्येकानं आपला अंदाज सांगायचा, म्हणजे सरकी या टोपल्यात नाही तर त्या टोपल्यात टाकायची. आणि पहिली सरकी बाबांची. ती नेहमी चुकीच्या टोपल्यात. मुद्दाम. मोठं माणूस आधी चुकलं की पोरांची भीती जाते, असं त्यांचं म्हणणं. तू आणि मी दुकानाच्या काउंटरमागे बसून त्यांच्याकडून शिकलो ते असंच. चुकणं वाईट असतं हे मला शाळेत घातल्यावर पहिल्यांदा कळलं.

योगेंद्रनं दोन वर्षांपूर्वी काम सोडलं आणि वर्ध्याला स्वतःची संस्था काढली. आता त्याची चकचकीत गाडी आहे, तिला तो विज्ञानरथ म्हणतो. त्याबद्दल बाबांनी कधी वाईट शब्द काढला नाही. "चांगलं हाय नं, जास्त पोरं पाह्यतीन," एवढंच म्हणाले. गेल्या महिन्यात हिंगणीला त्याचा मोठा कार्यक्रम होता. त्यानं बाबांना आग्रहानं बोलावलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. मी सोबत होते.

कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानं माईकवरून हाक मारली, "या आजोबा, वर या!" बाबा अजून साठीचेही नाहीत. तरी हसत वर गेले. समोर काचेचं भांडं, दोन संत्री, एक सोललेलं, एक सालीसकट.

"सांगा आजोबा, कोणतं तरंगेल?"

बाबांनी मुलांकडे पाहिलं. मला त्यांचा चेहरा दिसत होता, ताई. ते तंबूत असतात तसेच खुलले होते. म्हणाले, "मले तर वाट्टे सोल्लेलंच तरंगन. साल काढली, वजन कमी झालं नं त्याचं."

योगेंद्रला हे माहीत होतं. बाबांना असं मुद्दाम चुकताना त्यानं शेकडो वेळा पाहिलं होतं. त्यानं सोललेलं संत्रं पाण्यात सोडलं, ते बुडालं, आणि तो मुलांकडे वळून म्हणाला, "पाहिलंत? केस पांढरे झाले पण साधं विज्ञान नाही कळलं. याच अडाणीपणातून आपल्याला गावाला बाहेर काढायचं आहे." मग सगळं मैदान हसलं. पाहुणे हसले. मागून कोणी पोरगं ओरडलं, "आजोबा फेल!" त्याचा व्हिडिओ आता अल्लीपुरात सगळ्यांच्या मोबाइलवर आहे.

तंबू त्या दिवसापासून गोदामात पडला आहे. बाबा गल्ल्यावर बसतात, सामान देतात, बोलत नाहीत. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, "का जी लक्ष्मणराव, संत्रं घेऊ का सोलून?" बाबांनी ऐकलं आणि हळद तोलत राहिले.

मी योगेंद्रला सोडणार नाही. त्यानं हसवून घेतलेलं मैदान मला परत हवं आहे, तेवढंच, आणि हसू त्याच्यावर. फक्त मी खोटं बोलणार नाही. खोटं न बोलता हे कसं करायचं ते अजून सुचलेलं नाही.

तुझी,
हर्षा


बोरगाव मेघे,
२३ डिसेंबर

हर्षे,

तुझं पत्र वाचलं आणि बराच वेळ हातातच राहिलं. मामांचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही.

पण तू आणि बदला? गिऱ्हाइकाला साखर चुकून थोडी कमी गेली म्हणून भर उन्हात पुडी घेऊन त्याच्या मागे पळालेली पोरगी तू. मामी किती हसली होती त्या दिवशी. तुला झेपायचं नाही हे. तू आधी त्याचं वाईट करशील आणि मग त्याला बरं वाटावं म्हणून काढा घेऊन जाशील.

थट्टा सोडून सांगते. मामांना काय पाहिजे ते विचारलंस का? त्यांना कदाचित कोणी नुसतं येऊन "चला, तंबू काढू" म्हणावं असं वाटत असेल. मी आले असते, पण सध्या मला जरा काम लागलं आहे. शाळांमधल्या कार्यक्रमांचं. इतकी वर्षं भाकऱ्या थापल्या, आता संध्याकाळी घरी आले की सासरे विचारतात, "आज काय दाखवलं पोरायले?" हे कोणी विचारतंय याचंच मला अप्रूप. त्याबद्दल सविस्तर पुढे कधी.

काही करायचं ठरवलंस तर मला आधी कळव. नक्की काय करणार, कुठे, कधी, सगळं.

रीता


अल्लीपूर,
१९ जानेवारी २०२५

प्रिय रीताताई,

सुचलं.

मी सेलूला जाऊन त्याचा कार्यक्रम पाहून आले. ओढणी डोक्यावरून घेऊन अगदी मागे बसले. सरक्या नाहीत, टोपली नाहीत, कोणी अंदाज सांगत नाही. तो करतो आणि मुलं टाळ्या वाजवतात. "वेळ वाया जातो" म्हणून त्यानं ते काढून टाकलं, असं त्याचाच एक माणूस सांगत होता.

पण शेवटचा प्रयोग ऐक. थाळीत रंगीत पाणी, मधोमध पेटलेली मेणबत्ती, वरून काचेचा गिलास उपडा. मेणबत्ती विझते, पाणी गिलासात चढतं. मुलं खूश. आणि हा सांगतो, "ज्योतीनं गिलासातला प्राणवायू खाल्ला. जागा रिकामी झाली. म्हणून पाणी आत शिरलं."

हे चूक आहे, ताई! बाबांनी आपल्याला हे करून दाखवलं होतं ते योगेंद्र यायच्या खूप आधी. तंबूत वाऱ्यानं ज्योत राहायची नाही म्हणून पुढे सोडून दिलं. त्यामुळे त्याला ते ठाऊक नाही, कुठल्या तरी व्हिडिओवरून उचललंय त्यानं. बाबा एक मेणबत्ती झाली की त्याच गिलासाखाली तीन लावायचे. पाणी आणखी वर चढायचं. प्राणवायू तर तेवढाच होता, गिलास तोच. मग जास्त पाणी का? तर ज्योतीनं हवा तापते, फुगते, गिलास ठेवताना थोडी बाहेर पळते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आक्रसते आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते. ज्योती जास्त, तर तापणं जास्त. मी स्वयंपाकघरात पुन्हा पुन्हा करून पाहिलं. आईच्या थाळ्यांना मेण लागलंय, ती ओरडते आहे. पण एकदाही उलटं झालं नाही. झालं असतं तर मी हा विचार सोडून दिला असता, खरंच.

अठ्ठावीस फेब्रुवारीला विज्ञान दिवस. वर्ध्याला मोठ्या सभागृहात त्याचा कार्यक्रम आहे, साहेब लोक येणार, गावोगावच्या शाळा येणार. आमची शाळाही जाणार आणि माझ्या संध्याकाळच्या वर्गातली मुलं त्यात आहेत. मी त्यांना एकच गोष्ट शिकवते आहे. मेणबत्तीचा प्रयोग झाला की उभं राहायचं आणि विचारायचं, "तीन लावल्या तर?" एवढंच. प्रश्न विचारणं खोटं नाही ना? मी स्वतःला रोज विचारते आणि उत्तर रोज "नाही" असंच येतं.

विचारणार आहे गुलाब. सहावीत आहे, चिमूटभर पोरगी, पण आवाज असा की रस्त्यापलीकडचं कुत्रं उठून बसतं. काल तालीम घेतली. मी योगेंद्र झाले. ती मला म्हणते, "मॅडम, सराले उत्तर येत असन तर?"

म्हटलं, "मग खाली बसायचं."

"अन् नसन येत तर?"

मग मी तिला ते दोन शब्द शिकवले, ताई. हिंगणीचेच. फक्त आजोबांच्या जागी सर. सगळ्या वर्गानं मिळून ओरडायचं. मुलांना ते फार आवडलं. घरी जाताना रस्ताभर ओरडत गेली. मला जरा कसंतरी झालं, पण मी त्यांना थांबवलं नाही.

बाबांना यातलं काही माहीत नाही.

तुझी,
हर्षा


बोरगाव मेघे,
२ फेब्रुवारी

हर्षे,

नको करू.

चूक दाखवायची तर त्याला पत्र लिही, मी पत्ता देते. नाही तर त्या दिवशी तू पोरांना घेऊन जाऊच नको. असल्या कार्यक्रमात स्टेजवर दर वेळी तोच माणूस असतो असं नाही. त्याच्या हाताखाली लोक असतात. त्यांना जे पाठ करून दिलंय ते ते म्हणतात, एक शब्द इकडचा तिकडे करायची मुभा नसते. हसू कुणाच्या अंगावर पडेल ते तुझ्या हातात नाही.

मला याहून जास्त लिहिता येत नाही. माझं ऐक.

रीता


अल्लीपूर,
११ फेब्रुवारी

रीताताई,

तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.

त्याच्या हाताखालच्या लोकांची तुला काळजी. हिंगणीला ते लोकही हसत होते, मी पाहिलं. जो त्याची गाडी ओढतो तो त्याचाच माणूस. त्यांना लाज वाटत असेल तर त्यांनी सोडावं काम.

तू आमच्या काउंटरमागे पाटीवर पहिलं अक्षर काढलंस. आत्याच्या आजारपणात तुला बाबांनी मुलीसारखं ठेवलं. तुला पहिल्यांदा तराजू हातात दिला तेव्हा मी रडले होते, कारण मला अजून दिला नव्हता. ते बाबा आज दिवसाचे दोन शब्द बोलत नाहीत आणि तू मला पत्र लिहून चूक कळव म्हणतेस, जसं काही त्यानं शुद्धलेखनात चूक केली आहे!

सांगायचं तर सरळ सांग की तुला भीती वाटते. मलाही वाटते. तरी मी जाणार आहे.

हे होईपर्यंत मी तुला लिहिणार नाही.

हर्षा


बोरगाव मेघे,
३ मार्च

हर्षा,

स्टेजवर मी होते.

तू मागच्या रांगेत होतीस, लांब होतीस, शिवाय मी त्यांच्या संस्थेचा निळा कोट घातला होता, चष्मा होता. बहुतेक तू मला ओळखलं नसशील. म्हणून सांगते.

मी दिवाळीपासून योगेंद्रसरांकडे काम करते. हिंगणीला मी नव्हते. तेव्हा ऑफिसात शाळांचे फोन घेत होते. मी लक्ष्मणरावांची भाची आहे हे त्यांना माहीत नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच सोडायला हवं होतं. रोज ठरवायची आणि रोज गाडीत बसायची. पोरं टाळ्या वाजवतात ना, त्याची सवय लागते. मामांनाही लागलेली असणार. म्हणूनच ते आता असे बसले आहेत, हे मला त्या कोटात उभी राहूनच कळलं.

तुझी योजना मी त्यांना सांगितली नाही. मेणबत्तीचा प्रयोग काढू या, एवढं म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "रीता मॅडम, लोकांना मेणबत्ती आवडते. तुम्ही फक्त पाठ केलंय ते म्हणा." आणि त्या दिवशी तो प्रयोग मलाच दिला. ते साहेबांच्या शेजारी पुढे बसले.

मी तो प्राणवायूचा पाठ म्हटला. तुझी गुलाब उभी राहिली. "मॅडम, तीन लावल्या तं?"

मी तीन लावल्या. पाणी चढलं, चांगलं दोन बोटं वर. गुलाब म्हणाली, "गिलास तं तोच हाय. मंग हे जास्तीचं पाणी काऊन चढलं?"

मला उत्तर येत होतं, हर्षा. मामांचंच उत्तर, मामांच्याच शब्दांत, जिभेवर होतं. सांगितलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, माझं काम राहिलं असतं, त्यांची अब्रूही राहिली असती. पण तू इतके दिवस ज्यासाठी थांबलीस ते गेलं असतं. मी तोंड मिटून उभी राहिले. तुझ्यासाठी आणि मामांसाठी. पोरांनी ओरडायला सुरुवात केली, "मॅडम फेल, मॅडम फेल." सर असतील म्हणून तू शिकवलंस, पोरांनी तिथल्या तिथे बदलून घेतलं. हुशार आहेत.

मग ते स्वतः वर आले, माझ्या हातातून माईक ओढला. "सोप्पं आहे. तीन ज्योती तीनपट प्राणवायू खातात."

"पण सर, तीनपट आला कोठून? गिलासात तं होता तेवढाच होता नं!"

पुढच्या रांगेत साहेबच पहिल्यांदा हसले. मग सगळं सभागृह. ते आणखी काही समजावायला गेले, आणखी अडकले. गुलाब "खाली बस" म्हटल्यावरही बसली नाही. शेवटी "सर फेल" झालंच. तुला हवं होतं तसंच, हिंगणीपेक्षा मोठं. दुसऱ्या दिवशी दोन तालुक्यांच्या शाळांनी पुढचे कार्यक्रम रद्द केले. मला गाडीपाशीच सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

घरी सासऱ्यांनी व्हिडिओ पाहिला आहे. ते आता संध्याकाळी काही विचारत नाहीत.

मी तुझ्यावर रागावले नाही. तुला कळायला मार्ग नव्हता. पुढच्या आठवड्यात ये, बोलू.

रीता


अल्लीपूर,
९ मार्च

रीताताई,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. प्रत्येक वेळी वाटलं, तू म्हणतेस तसं लिहावं की मी ओळखलं नाही. लिहिता आलं नाही.

मी तुला ओळखलं. तू पडद्यामागून आलीस तेव्हाच. तू थाळी दोन्ही हातांनी धरतेस तशी कोणी धरत नाही.

गुलाबला मी सांगून ठेवलं होतं की उभं राहायच्या आधी माझ्याकडे पाहायचं. मी डोक्यावर हात ठेवला तर विचारायचं नाही. तिनं पाहिलं. अगदी नीट मान वळवून पाहिलं. मी हात मांडीवरच राहू दिला.

त्या क्षणी मला तुझा इतका राग आला होता की काय सांगू. त्याचा निळा कोट, आणि त्यात तू. पोरं "मॅडम फेल" म्हणाली तेव्हा मी उठून उभी राहिले, नीट दिसावं म्हणून. तू गप्प का आहेस ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं तू विसरलीस. त्याचाही मला आनंद झाला.

योगेंद्रबद्दल मला काही वाईट वाटत नाही. आजही नाही. तुझ्याबद्दल जे वाटतंय ते लिहायला जमत नाही.

बाबांचं सांगते. मी त्यांना व्हिडिओ दाखवला. योगेंद्र अडकला तिथे ते हसतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी तो भाग पाहिलाच नाही. मोबाइल मागे नेला, परत तुझ्यावर आणला. "हे आपली रीता हाय," म्हणाले. मग, "इले येते हे. गप्प काऊन हाय ते?" मी सगळं सांगितलं, हाताच्या खुणेसकट. ते उठले, ताई. इतक्या महिन्यांनी गल्ल्यावरून उठले आणि मला असे रागावले की बाजूच्या दुकानातून लोक पाहायला आले. "पोरायले लोकायवर हसाले शिकवलं तू? माह्या नावानं?" आई मधे पडली तर तिलाही बोलले. तसेच चालत शाळेत गेले आणि मुलांना म्हणाले, उद्यापासून संध्याकाळी माझ्याकडे यायचं, मॅडमकडे नाही.

वर्ग आता ते घेतात. खूप बोलतात. गोदामातून तंबू काढून उन्हात घातला आहे. एकट्यानं उचलणार नाही, तुला सोबत घ्यायचं म्हणतात. पण स्वतः फोन करायला त्यांना संकोच वाटतो. येशील का?

हर्षा


बोरगाव मेघे,
१७ मार्च

हर्षा,

उत्तर द्यायला उशीर केला. रागात लिहायचं नव्हतं. राग गेला की लिहीन म्हणून थांबले. तो गेला नाही, पण आता माझा हात स्थिर आहे, म्हणून लिहिते.

काल मामांना मी फोन केला. पुढच्या बाजाराला अल्लीपूरला येते आहे, त्यापुढच्या प्रत्येक बाजारालाही. प्रयोग मी दाखवीन, मामा बसून पाहतील, कंटाळले की मधे बोलतील. गुलाबला मी मागून घेतलं आहे. ती पोरगी माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा घाबरली नव्हती, मला तशीच हवी आहे. सासरेही येतो म्हणालेत.

तुझ्याबद्दल मामांनी विचारलं. मी म्हटलं, दुकानही कोणी सांभाळायला हवं ना, भर बाजाराच्या दिवशी. ते म्हणाले, तू म्हणशील तसं.

तेव्हा बाजाराच्या दिवशी तू गल्ल्यावर बसशील. तंबूकडे यायचं नाही, मी तिथे असेपर्यंत. माझ्याशी बोलायला दारात उभं राहायचं नाही. मी सामान न्यायला दुकानात आले तर सामान द्यायचं आणि पैसे घ्यायचे.

तंबू दुकानापासून फार लांब नाही. पोरं खूश झाली की आवाज तिथपर्यंत पोचतो. तेवढा तू ऐक.

रीता